बसल्याचं कळत नाही

मंगळवार, ९ सप्टेंबर

चि. ठकूस, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पाठ डॉक्टरला दाखव, असं तू त्यात तीन वेळा लिहिलं आहेस आणि तिसऱ्या खेपेला खाली रेघ ओढली आहेस. रेघ वाकडी आहे. इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात नेमकी कात्री ठेवणाऱ्या बाईला सरळ रेघ ओढता येऊ नये, याचं मोठा भाऊ म्हणून वाईट वाटतं.

फोन का करत नाहीस, हा तुझा दुसरा प्रश्न. फोन गिऱ्हाइकांसाठी असतो. शिवाय फोनवर दुखण्याबद्दल बोलताना माणूस कण्हतो, आणि कण्हणं ऐकलं की धाकटी बहीण डोक्यावर बसते. पत्रात कण्हता येत नाही. दोन्ही बाजूंची अब्रू राहते.

आता पाठ. सभागृहाच्या खुर्च्या नव्याने भरण्याचं काम घेतलं आहे, ते तुला ठाऊक आहे. जुन्या खुर्च्या जमिनीला पक्क्या केलेल्या, त्यामुळे वाकून वाकून पट्टे ताणावे लागतात. त्यातच मागच्या आठवड्यात एक सोफा एकट्याने उचलला. दोघांनी उचला असं तुझी वहिनी म्हणाली होती, म्हणूनच एकट्याने उचलला. कमरेत काहीतरी सरकलं. आधी उजव्या पायात कळ जायची, आता डाव्यातही तेवढीच जाते. मी याला समतोल म्हणतो. डॉक्टरकडे जाण्याऐवजी रद्दीच्या दुकानातून शरीरशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक आणलं आहे. मणक्यांपर्यंत वाचून झालं, मज्जातंतू पुढच्या प्रकरणात आहेत. मला हे काम कुणी शिकवलं नाही. उसवून पाहिलं आणि शिकलो, हे तू जाणतेस. पाठीचंही तसंच होईल, फक्त ती उसवून पाहता येत नाही.

मुख्य बातमी पुढे आहे. कामासाठी मी स्वतःकरता एक बैठक केली. खाली ताणपट्टे, त्यावर स्प्रिंगा, मग काथ्या, मग फोम आणि वर पिंजलेला कापूस, प्रत्येक थर हाताने दाबून पाहिलेला. परवा बसवली. ठकू, बढाई मारत नाही, पण दुपारपर्यंत मला बसल्याचं कळेनासं झालं. गादी नाही, स्टूल नाही, काही नाही. खाली हात घालून पाहिला तेव्हा खात्री पटली की मी बसलेलोच आहे. आयुष्यभर ज्या गादीचा शोध घेतला ती अशी सहज हाती लागली. उभा राहिलो तरी तो आराम काही वेळ तसाच राहतो, इतकी ती मुरते.

दुसरा फायदा जरा नाजूक आहे, तू नर्स आहेस म्हणून लिहितो. पूर्वी कामाच्या मधे दोन-तीनदा मागच्या दाराने जाऊन यावं लागे. आता अख्खी दुपार आठवण होत नाही. गेलो तरी थोडं थांबावं लागतं, जोर लावावा लागतो, आणि काम थोडक्यात उरकतं. शरीराला शिस्त लागते आहे. तुझ्या वहिनीला माझी चाल बदललेली वाटते, पाऊल आपटून टाकता म्हणते. माणूस समाधानी असला की त्याची पावलं जमिनीवर जोरात पडतात, असं मी तिला सांगितलं.

या बैठकीला एखादं चांगलं नाव सुचव. विकायला काढणार आहे. उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल. लोभ आहेच, तो या गादीसारखा न बोचता टिकावा.

तुझा,
दादा

*

सोमवार, १५ सप्टेंबर
तळमजला, ऑपरेशन थिएटरच्या मागची चहाची खोली

ती. दादास, सा. न. वि. वि.

मी तळमजल्यावर, तू याच हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि मधे चांगली चालणारी लिफ्ट आहे. तरी पत्र लिहिते आहे, कारण काल दोनदा वर येऊन तुझ्याशेजारी बसले आणि दोन्ही वेळा तू भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलंस. तू झोपलास की घोरतोस, दादा. सोंग घ्यायचं तर पूर्ण घ्यावं.

वहिनी म्हणाली की तुला सगळं क्रमाने लिहून हवं आहे. दुखणं आणि इंजेक्शनं यांच्यात तुझी आठवण मधेमधे फाटली आहे, आणि ऐकीव गोष्टींवर तुझा विश्वास नाही. तर घे क्रमाने.

तुझं पाकीट गुरुवारी आलं. ते मी शनिवारपर्यंत उघडलं नाही. यावर शेवटी लिहीन, आधी बाकीचं उरकू दे.

शनिवारी दुपारी चहा घेऊन बसले आणि आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. समतोलापर्यंत आम्ही दोघंही हसलो. गादीचा मजकूर आला आणि माझं वाचन थांबलं. हे म्हणाले, पुढे वाच ना. मी तोच मजकूर मनातल्या मनात पुन्हा वाचत होते. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवतात की पाठदुखीचे शंभर पेशंट चालत येतील आणि चालत जातील, पण एखाद्याच्या दोन्ही पायांत कळा असतील, बसायची जागा बधिर झाली असेल आणि लघवी अडत असेल, तर हातातलं सगळं टाकून धावायचं. तू तिन्ही लक्षणं लिहिली होतीस. गादीची जाहिरात म्हणून.

तुला फोन लावला. तो गिऱ्हाइकांसाठी असल्यामुळे खणात होता. मग वहिनीला लावला आणि दादाला लघवी नीट होते का, हे विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा विषय निघालाच नव्हता म्हणे. मी म्हटलं, आत्ता काढा. तू न्हाणीघरातच होतास. तिने बाहेरून विचारलं आणि तू आतून उत्तर दिलंस की हा बायकांनी घरभर ओरडून विचारायचा प्रश्न नाही, आणि तसंही मी बराच वेळ त्याच प्रयत्नात आहे. हे मी फोनवर स्वतः ऐकलं. मागे नळ सोडलेला होता, तोही ऐकला. वहिनी म्हणाली की दोन दिवस झाले, ते उत्तेजन म्हणून नळ सोडतात.

पुढचं तुला थोडंफार आठवत असेल. सामान पोचवायच्या टेम्पोत मागे दोन सोफ्यांच्या मधे तुला आडवं घालून आणलं. टेम्पोवाला सांगत होता की वाटेभर तू एका सोफ्याच्या खालच्या शिलाईला नावं ठेवत होतास. ती तुझीच होती.

इथे स्कॅन झाला. सर्जननी तुला फिल्म दाखवली. मणक्यांमधली एक चकती फुटून तिचा तुकडा मागे घुसला होता. कण्याच्या तळाशी मज्जातंतूंचा झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा, पाय, मूत्राशय आणि बसायची जागा सगळं सांभाळणारा. त्याच्यावर तो तुकडा दाबून बसला होता. मूत्राशय काठोकाठ भरलं होतं, आणि तू म्हणत होतास की मला जायची गरज वाटत नाही. नळी घातली तेव्हा पिशवी भरता भरता सिस्टरने दुसरी मागवली.

सर्जननी बधिरपणा कधी सुरू झाला हे विचारलं. सुतळीच्या जाडीवरून ती कुठल्या गुंडीची हे सांगणारा माणूस तू. तू म्हणालास, गादी बसवल्यापासून. सर्जननी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

ते म्हणाले, ऑपरेशन आत्ताच. जितका उशीर तितकं कमी परत येतं. आणि तू म्हणालास, सोमवारी. स्वतः समजून घेतल्याशिवाय मी कुणाला माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावू दिला नाही, रविवारभर पुस्तक वाचतो, मज्जातंतूंचं प्रकरण राहिलं आहे. वहिनी रडू लागली. सर्जन घड्याळाकडे पाहू लागले. मला तुझा इतका राग आला होता की ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून तू कधी ऐकलंस? म्हणून मी खोटं बोलले. मी म्हटलं, दादा, यांनी सांगितलेलं मला नीट कळलं नाही, तू समजावून दे.

तू फिल्म हातात घेतलीस, उजेडाकडे धरलीस. म्हणालास, सोपं आहे, ही खोळ फाटली, आतलं भरण बाहेर आलं आणि या दोऱ्यांवर बसलं. दोऱ्या तुटलेल्या नाहीत, चेपल्या आहेत. चेपलेली दोरी लगेच मोकळी केली तर पुन्हा पीळ धरते. तशीच ठेवली तर आतून मरते, मग वरचं ओझं काढून उपयोग नसतो. इथपर्यंत आलास आणि थांबलास. फिल्मकडे पाहत राहिलास. ती माझ्या हातात परत दिलीस. मग दुकानातल्या आवाजात सर्जनना म्हणालास:

“मग तुम्ही इथे उभे काय राहिलात?”

सर्जन हे सगळ्या हॉस्पिटलला सांगत फिरताहेत. तू सही केलीस ती चालत्या स्ट्रेचरवर. ऑपरेशनच्या टेबलाशी मी नव्हते, घरच्यांच्या ऑपरेशनला आम्हाला उभं राहू देत नाहीत. बाहेर वहिनीजवळ बसले. तुकडा अंगठ्याच्या पेराएवढा होता. निघाला. सगळं नीट झालं.

आता गुरुवार. तुझं पाकीट जाड होतं. जाड पाकिटात तीन पानं नुसती शिलाईची असतात हा अनुभव. कंटाळा आला होता, म्हणून ते फळांच्या ताटलीखाली सरकवून ठेवलं. तास वाया घालवू नका म्हणून मी रोज परक्यांना सांगते. आणि सख्ख्या भावाचं पत्र दोन दिवस केळ्यांखाली पडून होतं. गुरुवारी वाचलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, झालं असतं असंही सांगता येत नाही, नसतं झालं असंही सांगता येत नाही. हे तुझ्यासमोर उभं राहून सांगायचं धैर्य नव्हतं. काल तू सोंग घेतलंस तेव्हा मला रागाबरोबर थोडं बरंही वाटलं, ते या कारणाने.

लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही. सवयीने म्हणते.

तुझी,
ठकू

*

मंगळवार, १६ सप्टेंबर
तिसरा मजला, खिडकीजवळची खाट

चि. ठकूस, अ. उ. आ.

कुशीवर पडून पेन्सिलीने लिहितो आहे. अक्षर कुणाला दाखवू नकोस. सोंगाबाबत तुझी टीका मान्य आहे, पण जागेपणी घोरायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नाही आणि स्वतः शिकायला वॉर्डात मोकळीक नाही.

गुरुवारचं आधी मिटवतो. माझी जाड पाकिटं मला स्वतःला पोस्टाने आली तर मीही ती दोन दिवस उघडणार नाही. आणि ठकू, विचार कर. मला लघवी होत नाही आणि बुडाला काही कळत नाही, एवढंच एका कार्डावर लिहिलं असतं तर ते तू दारातच वाचलं असतंस. पोस्टमननेही वाचलं असतं आणि तोच धावत आला असता. ती एक ओळ लिहावी लागू नये म्हणून मी चार पानं लिहिली. पाठ दुखायला लागली तेव्हापासून सगळे दिवस माझे आहेत. त्यातला गुरुवार-शुक्रवार उचलून स्वतःच्या खात्यावर घेऊ नकोस. मोठा भाऊ आहे, मूर्खपणातही वाटणी देणार नाही.

आता इथली हालहवाल. पायातल्या कळा गेल्या, जणू कुणी बटण बंद केलं. उजवं पाऊल वर उचलतं, डावं अजून लोंबतं. खाटेच्या कडेला माझी पिशवी टांगलेली असते. तिचा आकडा इतका खराब बनवला आहे की येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागतो. मी सिस्टरला सुधारणा सुचवली. तिने सुधारणा करण्याऐवजी मलाच दुसऱ्या बाजूला वळवलं.

सकाळी एक लहानखुरी डॉक्टरीण टाचणी घेऊन येते आणि बसायच्या जागी टोचून कळतं का विचारते. मी पालथा असतो. काल मी बाणेदारपणे तीन वेळा हो म्हणालो. त्यातल्या दोन वेळा तिने टोचलंच नव्हतं. शाळेत मी अंदाजाने उत्तरं देऊन पास व्हायचो, ती सवय अशा ठिकाणी उघडी पडेल असं वाटलं नव्हतं. ती हसली नाही, हे जास्त लागलं.

म्हणून तुला विचारतो. इथे सगळे गोड बोलतात. परत येईल का? किती येईल, आणि कधी? मला आकडा हवा. पाय नाही आला तर काठी घेईन, लोक काठीवाल्याला जागा देतात. पण हे दुसरं घेऊन मी दुकानात बसायचं कसं, गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं कसं? सर्जननी आणखी एक तिसरी गोष्ट विचारली, ती नवराबायकोमधली आहे. धाकट्या बहिणीला लिहिण्यासारखी नाही.

खरं लिही. लोभ असला तर खरं लिहिशील.

दादा

*

बुधवार, १७ सप्टेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

सर्जनना विचारलं. आकडा नाही. मी दोनदा मागितला, दोनदा नाही म्हणाले.

तू आलास तेव्हा सगळं बंद पडलेलं नव्हतं, जोर लावून का होईना थोडं होत होतं, उजवीकडे टाचणीचं थोडं कळत होतं. हे तुझ्या बाजूचं. बधिरपणा आल्यावर बरेच दिवस गेले, हे तुझ्याविरुद्धचं. शनिवारी तुकडा काढला म्हणून जे उरलं होतं ते वाचलं. गेलेलं परत येईल का, ते त्या दोऱ्यांनाच माहीत. पाय आधी सुधारतात. मूत्राशयाला महिने लागतात, कधी वर्ष, कधी त्याहून जास्त. काहींचं पूर्ण येतं, काहींचं अर्धं, काही जन्मभर नळी वापरतात. मी तिन्ही तऱ्हेची माणसं पाहिली आहेत आणि दारातून आत येताना ती सगळी सारखीच दिसतात. तू कुठल्यात बसशील हे मला सांगता येत नाही. सांगता येत असतं तर लपवलं नसतं.

घरी जाताना तुला स्वतःची नळी स्वतः घालायला शिकवतील. दिवसातून चार-पाच वेळा. तू म्हणशील, मी माझं मी शिकतो. नको. तिथे उसवून पाहायचं नाही. सिस्टर सांगेल तसंच्या तसं कर, आणि हात धू. तुझे हात म्हणजे नुसता काथ्या असतो.

तिसरी गोष्ट वहिनीने मला पहिल्याच दिवशी, ऑपरेशन चालू असताना बाकावर बसून, विचारली होती. जे खरं ते मी सांगितलं. ती म्हणाली की माणूस घरी येऊ दे, बाकीचं आमचं आम्ही बघू. तेव्हा लाजायचं असेल तर तू एकटाच लाजतो आहेस.

उद्या वर येईन. जागा राहा. जागं राहायलाही लोभ लागतो, तेवढा माझ्यावर असू दे.

ठकू

*

शनिवार, २२ नोव्हेंबर

प्रिय ठकूवन्सं, स. न. वि. वि.

तुमच्या दोन पत्रांना ह्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून मी लिहिते. मला ह्यांच्यासारखं लिहिता येत नाही, मी मशीनवर सरळ शिवत जाते तसं लिहीन.

तब्येत म्हणाल तर काठी घेऊन चालतात. डाव्या पायात पाऊल उचलायची पट्टी घालतात. ती त्यांनी आतून फोम लावून नव्याने भरली आणि पट्टी देणाऱ्या माणसाला नेऊन दाखवली. त्याला आवडली. नळीचं सगळं अगदी वेळेवर आणि स्वच्छ करतात. त्याबाबतीत एक अक्षर बोलायला जागा नाही. हात इतके धुतात की साबण पुरत नाही.

पण पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, येत नाहीत. मागे बसून पट्टे कापतात. गिऱ्हाईक आलं की मलाच पुढे पाठवतात. परवा एक जण थेट मागे आला, तर हे अर्ध्या भरलेल्या सोफ्याच्या मागे बसून राहिले. त्या माणसाला वाटलं, सोफ्याच्या आतून काम चाललं आहे. आपल्याला वास येतो असं ह्यांना वाटतं. येत नाही. मी शपथेवर सांगितलं. तर म्हणाले, तुझं नाक माझ्या बाजूचं आहे. सभागृहाच्या खुर्च्यांची खोळ मी शिवली आणि बसवायला दुसरा माणूस लावला. ह्यांनी जाऊन पाहिलंसुद्धा नाही. पूर्वी दुसऱ्याने ठोकलेला एक खिळा दिसला तर जेवत नसत.

थट्टा चालू असते. मला म्हणतात, तुझ्या नवऱ्याचं सगळं घड्याळावर चालतं, असा नवरा शोधून मिळणार नाही. मी हसते. पण थट्टा केल्यावर हे माझ्याकडे बघत नाहीत, वन्सं. आधी बघायचे, हसले की नाही ते तपासायला.

तपासणीला आणायचं आहे तर म्हणतात, दाखवण्यासारखं काही झालं की जाऊ. तुम्हाला पत्र का लिहीत नाही विचारलं, तर म्हणाले, बातमी काय लिहू, बातमी आलेलीच नाही. ती येईल का? तुम्ही खरं ते सांगितलं होतं, ते माझ्या लक्षात आहे. तरी पुन्हा विचारते. बायकोने दोनदा विचारलं तर चालतं.

भावोजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी

*

गुरुवार, २२ जानेवारी

चि. ठकूस, अ. उ. आ.

तीन पत्रांचं उत्तर साचलं आहे. शिव्या नंतर दे, आधी वाच.

तुझी वहिनी आज दोरा आणायला बाजारात गेली. जाताना म्हणाली, कुणी आलं तर बसवून ठेवा, मी येते. तिने मुद्दाम वेळ लावला असा मला संशय आहे. एक बाई आल्या, निवृत्त शिक्षिका, आवाजावरून आधीच कळलं. सोफ्याच्या कडेला आपण जो गोट लावतो, तो वाकडा आहे असं त्यांचं म्हणणं. मागच्या खोलीत मी ऐकत बसलो होतो. आजारी आहे, घाणेरडा आहे, काहीही म्हणा, पण माझा गोट वाकडा? काठी घेतली आणि पुढे आलो. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्यांच्यापासून चांगल्या लांब, दाराच्या कडेला उभा राहिलो आणि गोट का वाकडा दिसतो, मुळात त्यांच्या घरची जमीन कशी उतरती असली पाहिजे, हे समजावू लागलो.

बोलता बोलता ओटीपोटात काहीतरी झालं. दुखलं नाही. आतून कुणीतरी बोटाने हळूच टकटक केल्यासारखं. मी बोलत राहिलो. पुन्हा झालं. मला वाटलं, भूक. मग वाटलं, पोटात वारा धरला. आयुष्यभर रोज पाच-सहा वेळा भेटलेली गोष्ट, आणि ओळख पटेना. गोटाबद्दलचं वाक्य अर्ध्यावर आलं होतं तेव्हा ओळखलं. घाई होती ती, ठकू. घाई लागली होती.

बाईंना तसंच सोडलं आणि निघालो. माझं निघणं म्हणजे काय ते तू पाहिलं आहेस. काठी पुढे, उजवा पाय, मग डाव्याची मिरवणूक. मधल्या बोळात फोमचे पत्रे मीच रचून ठेवलेले. त्यांना काठी लागली, पत्रे कोसळले, काठी सुटली. भिंतीला हात लावून दोन पावलं टाकली. न्हाणीघराचं दार समोर दिसत होतं. पोचलो नाही.

उभ्या उभ्या पायजमा ओला झाला. पन्नाशी उलटलेला, स्वतःच्या कामाची घमेंड असलेला माणूस, बाहेर गिऱ्हाईक बसलेलं, आणि हे. एवढ्या महिन्यांत ज्याला घाबरून मी सोफ्यामागे बसत होतो, नेमकं तेच.

तेवढ्यात तुझी वहिनी आली. बोळातल्या पसाऱ्यात मला उभं पाहून तिच्या हातातली दोऱ्याची रिळं खाली पडली. पुन्हा काही तुटलं असं तिला वाटलं. काय झालं म्हणून विचारू लागली. मी नुसता खाली बोट दाखवत होतो आणि मान हलवत होतो. तिला ते समजायला वेळ लागला. समजल्यावर भिंतीला टेकली आणि तिने पदराने तोंड झाकलं. रडत होती की हसत होती हे मी विचारलं नाही. पुढच्या खोलीतून बाईंनी विचारलं की सगळं ठीक आहे ना, तर ही आतूनच म्हणाली की सगळं ठीक आहे, तुम्ही उद्या या, गोट बदलून देतो. मी एरवी हे खपवून घेतलं नसतं.

उगाच मोठी बातमी करू नकोस, सर्जनना बरा झालो म्हणून सांगू नकोस. मागाहून नळी घातली तर आत पुष्कळ राहिलं होतं. नळी चालूच राहणार. लघवी सांगून आली खरी, पण दाराशी उभी राहून माझी वाट पाहण्याइतका धीर तिला नाही. डावीकडे अजून काहीही नाही, डावी मांडी दुसऱ्या कुणाची आहे. पुढच्या आठवड्यात तपासणीला येतो. टाचणीवालीला सांग की या खेपेला अंदाजाने बोलणार नाही.

पण उजवीकडे कळलं, ठकू. टाचणी नव्हती, कुणी विचारत नव्हतं, पाठ केलेलं उत्तर नव्हतं. आधी कोमट लागलं, मांडीच्या वरून आतल्या अंगाने खाली. मग गार झालं. ते गार होईपर्यंत मी तिथून हललो नाही.

अजून तोच पायजमा अंगात आहे. नळी घातली तेवढाच खाली सरकवला, बदलला नाही, आणि तसाच बाकावर बसून लिहितो आहे. ही कोरडा पायजमा घेऊन मघापासून शेजारी उभी आहे आणि माणसाने किती लिहावं याला काही मर्यादा असते असं म्हणते आहे. तेव्हा लोभाचं तुझं तू समजून घे. मला उठायला हवं.

दादा